भानुप्रतापला दिलेलं वाक्य

"माणसाला मारायचं नसतं. त्याला मिंधं करायचं असतं."

दिल्ली मेट्रोच्या ब्लू लाइनवर, सकाळच्या गर्दीत, स्वरूपाच्या अगदी मागे, कुणीतरी हे इतक्या सावकाश आणि इतक्या थंडपणे म्हणालं की शेजारच्या काकांनी आपली बॅग उचलून पोटाशी धरली. काकांना मराठी येत असण्याची शक्यता कमीच, पण असल्या आवाजाला भाषा लागत नाही. स्वरूपा मात्र घाबरली नाही, चक्रावली. कारण वाक्य तिचं होतं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून, तिने ते गेल्याच आठवड्यात लिहिलं होतं.

तिने वळून पाहिलं. पिळदार मिश्या, खुनशी डोळे वगैरे काही नव्हतं. चष्मा लावलेला एक सडपातळ तरुण दाराला टेकून उभा होता, काखेत जेवणाचा डबा आणि कानाला फोन. आता त्याचा आवाजही पार बदलला होता.

"आई, मिंधं म्हणजे काय गं?... तुलाही नाही माहीत? अच्छा. नाही, नाही, बाबांना नको उठवूस. चलो, ठेवतो."

"मिंधं म्हणजे उपकाराखाली दबलेलं," स्वरूपाला राहवलं नाही. "ज्याला आपल्यापुढे मान वर करून बोलता येत नाही, असं."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग परत तिच्याकडे.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लिहिलंय ते."

"म्हणजे... भानुप्रताप तुम्ही?"

"त्याचं मराठी मी. आणि तुम्ही?"

"त्याचा आवाज," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "म्हणजे, घेतला तर. टेस्टलाच चाललोय."

भानुप्रताप हा 'सफेद कोठी' नावाच्या हिंदी मालिकेतला राजकारणी. गोड बोलून लोकांचे गळे कापणं हा त्याचा धंदा. मित्राला तो तुरुंगात घालायचा आणि जामिनालाही स्वतःच उभा राहायचा, म्हणजे मित्र जन्मभर पाया पडायला मोकळा. उत्तरेत या माणसाने लोकांना वेड लावलं होतं आणि आता तो मराठीत येणार होता. नोएडातल्या एका डबिंग स्टुडिओने ते काम घेतलं होतं. दिल्लीत मराठी लिहिणारी मुलगी शोधता शोधता ते स्वरूपापर्यंत पोचले, आणि मराठी बोलणारा आवाज शोधता शोधता दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या परीक्षितपर्यंत.

परीक्षितचे आजोबा नोकरीसाठी दिल्लीत आले ते इथलेच झाले. त्यामुळे त्याचं मराठी गोड होतं, पण त्याला भोकं होती. 'मिंधं' गेलं होतं, 'आगंतुक' गेलं होतं, 'कानकोंडं' कधी आलंच नव्हतं. पोटापाण्यासाठी तो हेल्पलाइनचे संदेश बोलायचा. एखाद्या मराठी माणसाने कुठल्या तरी सरकारी नंबरावर फोन लावला, तर पलीकडून अतिशय मऊ आवाजात "कृपया प्रतीक्षा करा" म्हणणारा माणूस हाच. लोकांनी त्याला आयुष्यात जेवढ्या शिव्या घातल्या असतील, तेवढ्या भानुप्रतापलाही घातल्या नसतील.

टेस्ट घेतली विजयालक्ष्मी मॅडमनी. त्या तमिळ घरातल्या, करोलबागेत वाढलेल्या. डबिंग करून घेण्यात त्यांचे केस पिकले होते. मराठी त्यांना कामापुरतं समजायचं, पण खोटं त्या कुठल्याही भाषेत पकडायच्या. परीक्षितचं ते मिंधंवालं वाक्य ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "इस लडके से उधार मत लेना कोई." झालं, भानुप्रतापला आवाज मिळाला.

काम सुरू झालं. डबिंगच्या खोलीत टेक चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो, नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये येते. नोएडाचा उन्हाळा आणि बंद एसी... परीक्षित घामाने निथळत मंत्रिमंडळं पाडायचा. काचेच्या अलीकडे मॅडमशेजारी स्वरूपा बसायची. ओठ जुळले नाहीत की बोलण्याचं बटण दाबून त्याच्या कानात शब्द बदलून द्यायची. पडद्यावरच्या नटाचे ओठ जिथे मिटतात, तिथे आपलाही प, ब किंवा म यायला हवा, ही या कामातली खरी मेख. नट "मैं" म्हणून ओठ मिटतोय आणि आपण "काय" म्हणतोय, असं चालत नाही.

"आज कुणाला संपवलं?" संध्याकाळी स्टुडिओखालच्या टपरीवर चहा घेताना ती विचारायची. 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं.

"सकाळी अर्थमंत्र्याला. दुपारी सख्ख्या मेहुण्याला."

"आणि मधे जेवलास काय?"

"दोडका."

ती हसायची. मग म्हणायची, "हेल्पलाइनचं बोल ना."

तो गंभीर चेहरा करायचा. "कृपया प्रतीक्षा करा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"किती खोटं बोलतोस."

"दोन्हीकडे खोटंच बोलतो, यार. त्याचेच तर पैसे मिळतात."

"मग खरं कधी बोलतोस?"

तो कपात बघायचा. "ब्लू लाइनमध्ये."

ब्लू लाइन द्वारकेला सरळ जाते. स्वरूपाला मात्र मयूर विहारला उतरून पिंक लाइन धरावी लागे. पहिले काही दिवस तो तिथे हात हलवून पुढे जायचा. मग एकदा तिच्याबरोबर उतरला, पिंक लाइनमध्ये बसला, थेट तिच्या आयएनए स्टेशनापर्यंत आला. मग रोजच यायला लागला. ती उतरली की तो यलो लाइनने राजीव चौकाला जाऊन पुन्हा ब्लू लाइन पकडायचा. एवढा द्राविडी प्राणायाम करून तो घरी पोचायचा तेव्हा सुनंदाताई, म्हणजे त्याची आई, वाढून ठेवलेलं परत गरम करत असायची.

"द्वारकेला जायला पिंक लाइन कशाला लागते रे?" स्वरूपाने एकदा विचारलं.

"गर्दी कमी असते."

त्या क्षणी एका बाईंची पिशवी त्याच्या मानेवर होती आणि कुणाचा तरी पाय त्याच्या पायावर. "बिल्कुल कमी," तो म्हणाला.

आता स्वरूपाची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. कानावर पडलेलं चांगलं वाक्य तिला सोडवत नसे. हिंदीतलं भानुप्रतापचं बोलणं मराठीत आणायचं, तेही ओठांच्या मापाने. मग ती मिळेल तिथून उचलायची. भाजीवालीकडून, बाबांच्या ऑफिसातल्या भांडणांतून, सगळ्यात जास्त आईकडून, म्हणजे अलकाताईंकडून. फ्रिजमधले बेसनाचे लाडू कमी झाले तेव्हा अलकाताई म्हणाल्या होत्या, "मी बोलत नाही याचा अर्थ मला दिसत नाही असा नाही." आठवड्याने भानुप्रतापने हेच वाक्य गृहमंत्र्याला ऐकवलं आणि गृहमंत्र्याने राजीनामा दिला. अलकाताईंनी ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. चोरी उघड होती आणि ज्याची चोरी व्हायची तोच खूश असायचा, म्हणून स्वरूपाला त्यात वावगं वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

जून संपत आला होता. बाबा, म्हणजे विनायकराव, महिन्याच्या अखेरीस मंत्रालयातून निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं आणि साताऱ्याच्या घरी जायचं, हे कधीचं ठरलेलं होतं. खोक्यांवर अलकाताईंच्या अक्षरात 'दिवाळीची भांडी', 'स्वरूपाची पुस्तकं' असं लिहून तयार होतं.

"मग तू?" परीक्षितने टपरीवर विचारलं.

"मीही. लिहायचं काम काय, कुठूनही करता येतं."

तिने हे सहज म्हटल्यासारखं म्हटलं आणि त्याच्याकडे पाहायचं टाळलं. खरं म्हणजे तिला जायचं नव्हतं. पण दिल्लीत थांबायचं तर आईबाबांना सांगायला काहीतरी कारण हवं, आणि ते कारण चष्मा लावून समोर उभं होतं, मूग गिळून. आपणहून बोलायला तिला धीर होईना. आणि तो बोललाच असता तरी... जो माणूस दिवसभर गोड बोलून लोकांना फसवतो, त्याचं गोड बोलणं खरं कसं मानायचं, हेही तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात आंधी आली. दिल्लीकडची आंधी सांगून येत नाही. एका मिनिटात आकाश पिवळं झालं, रस्त्यावरची धूळ उठली, चहावाल्याची ताडपत्री फडफडायला लागली. सगळे एका कोपऱ्यात दाटले. चार टपोरे थेंब पडले आणि तापलेल्या धुळीचा वास सुटला. परीक्षितने चष्मा काढून शर्टाला पुसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार उघडे दिसायचे.

"दिवसभर मी त्याच्या आवाजात बोलतो ना..." तो म्हणाला, थांबला. "घरी गेलो तरी तो जात नाही. आईला मीठ मागितलं तरी ती दचकते. पण तू समोर असलीस की... मला माझा आवाज परत मिळतो."

स्वरूपाने हातातला कप घाईने खाली ठेवला. ती म्हणाली, "चल, मेट्रो चुकेल."

दिल्लीत मेट्रो चुकत नाही. एक गेली की मागून दुसरी येते. हे दोघांनाही माहीत होतं. तरी दोघं निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेवटचा भाग लिहायला बसली. भानुप्रतापची बायको रेवती त्याला सोडून निघाली आहे. बाहेर पत्रकार जमलेत. ती बोलली तर हा संपला. मग तो तिच्या पायाशी बसतो आणि सगळ्या मालिकेतलं सगळ्यात मोठं खोटं बोलतो: "तुम सामने होती हो तो मैं अपने में लौट आता हूँ." ती विरघळते, थांबते, आणि पुढच्याच दृश्यात तो तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतो.

स्वरूपाने सात प्रकारे लिहून पाहिलं. एकही बसेना. आणि मग ते आपोआप बसलं. तू समोर असलीस की मला माझा आवाज परत मिळतो. नटाचे ओठ जिथे जिथे मिटत होते, तिथे तिथे नेमका म होता, आणि जिथे प हवा तिथे प. तिने पडद्यावर परत परत लावून पाहिलं, स्वतःशीच टाळी वाजवली, पान पाठवून दिलं आणि आईला पुस्तकं बांधू लागली. तिने काही विचार केला नाही, हेच खरं. कालपासून ते वाक्य तिच्या मनात घोळत होतं, आवडलं होतं, आणि आवडलेल्या वाक्याचं काय करायचं याची तिच्या हाताला सवय होती.

डबिंगच्या दिवशी परीक्षितने पान हातात घेतलं. एसी बंद झाला. तो वाचता वाचता मधेच थांबला, आणि त्याने काचेतून स्वरूपाकडे पाहिलं.

तेव्हा तिला कळलं.

तिने बटणाकडे हात नेला, पण काय बोलणार? शेजारी मॅडम होत्या, रेकॉर्डिंगवाला होता. परीक्षितने मान खाली घातली. लाल दिवा लागला. आणि त्याने ते वाक्य म्हटलं... मऊ, ओलसर, जरासं थरथरतं आणि आतून पूर्ण पोकळ.

"एक ही टेक," मॅडम हळूच म्हणाल्या. "इससे अच्छा झूठ मैंने आज तक नहीं सुना."

टपरीवर तो हेच म्हणाला होता, तेव्हा त्याला धड वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. खरं आणि खोटं यातला फरक आता कुणी न सांगता स्वरूपाच्या कानाला कळला होता, पण फार महाग पडला होता.

ती खाली पोचेपर्यंत तो निघून गेला होता. तिने फोन केला, उचलला नाही. मेसेज केला: "मला बोलायचंय." बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "माझं काम संपलं आहे. काही बदल असल्यास स्टुडिओतून कळवावे. तुम्ही छान लिहिता."

ते 'तुम्ही' वाचून ती पिंक लाइनमध्ये रडली. दिल्लीच्या मेट्रोत कुणी कुणाकडे बघत नाही, ही तिची एक सोय होती.

घरी अलकाताईंनी चेहरा पाहिला आणि हातातली सुतळी खाली ठेवली. स्वरूपाने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, आई म्हणेल, एवढंच ना.

"माझं लाडूंवरचं वाक्य घेतलंस ते ठीक," अलकाताई म्हणाल्या. "मी ते चिडून चार जणांत बोलले होते. हे त्याने तुला एकटीला सांगितलं होतं. घेतलंस ते घेतलंस, आणि दिलंस कुणाला? त्या मेल्याला?"

दुसऱ्या दिवशी स्वरूपा थेट मॅडमपुढे जाऊन उभी राहिली. "मॅडम, वो एक लाइन बदलनी है."

"कौन सी?" आणि कुठली ते कळल्यावर त्या खुर्चीत ताठ झाल्या. "दिमाग ठीक है? पूरे शो की सबसे अच्छी लाइन है. कल मिक्सिंग है. क्यों बदलूँ?"

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रेकॉर्डिंगवाला कान टवकारून बसलेला होता, असू दे. "वो लाइन मेरी नहीं है," स्वरूपा म्हणाली. "परीक्षित ने मुझसे कही थी. सच में कही थी."

"और तुमने उठाकर भानुप्रताप को दे दी?"

"हाँ."

मॅडमनी चष्मा काढला. "मैं समझती थी इस कमरे में सबसे बेरहम आदमी परदे पर है," त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच परीक्षितला फोन लावला. एक ओळ परत घ्यायची आहे, आज संध्याकाळी. कारण त्यांनी सांगितलं नाही.

तो आला, कारण कामाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. स्वरूपाकडे न बघता तो आत गेला, हेडफोन लावला. समोरच्या स्टँडवर नवं पान होतं: मान्य, मी चुकलो. मला परत माणूस कर.

"ओठ जुळतात," स्वरूपाने बटण दाबून सांगितलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी तपासलंय."

काचेपलीकडे त्याने मान हलवली.

"परीक्षित, जुनं वाक्य काढून टाकलंय. टेकसकट पुसायला सांगितलंय. ते भानुप्रतापचं नाही, ते माझं आहे. तू मला दिलं होतंस आणि मला सांभाळता आलं नाही." मॅडम समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. "मला ते खोटं वाटलं म्हणून नाही दिलं. इतकं आवडलं की... मी आवडलेलं सगळं लिहूनच टाकते. दुसरं काय करायचं असतं ते मला येत नव्हतं. आणि मी साताऱ्याला जात नाहीये. बाबांना सकाळीच सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तर मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता. तेही चुकलंच असेल."

तिने बटणावरचं बोट काढलं. एसी बंद होता. परीक्षित स्टँड धरून नुसता उभा होता. स्वरूपाला वाटलं, आता हा हेडफोन काढून निघून जाणार.

मग स्पीकरमधून अतिशय मऊ, अतिशय सरकारी आवाज आला.

"कृपया प्रतीक्षा करा."

ती काचेजवळ सरकली.

"आपला कॉल आमच्यासाठी..." इथे त्या आवाजाला कापरं भरलं. हेल्पलाइनच्या माणसाला आयुष्यात कधी भरलं नसेल. "...महत्त्वाचा आहे. खरंच आहे, यार."

"ये स्क्रिप्ट में है?" रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं.

"तुम चुप रहो," मॅडम म्हणाल्या.

पुढची गंमत अशी की ती ओळ काही केल्या होईना. "मान्य, मी चुकलो," भानुप्रताप म्हणायचा आणि त्यात कपटाचा लवलेश नसायचा. एकदा तर तो चक्क हसला. टेकवर टेक वाया गेले. अखेर मॅडमनी कपाळावर हात मारला.

"इतने महीनों में पहली बार ये आदमी झूठ नहीं बोल पा रहा. स्वरूपा, तुम बाहर जाओ. तुम सामने रहोगी तो मेरा विलन मर जाएगा."

ती टपरीवर जाऊन थांबली. हवेत धूळ होती, पण आंधीचं चिन्ह नव्हतं. थोड्या वेळाने तो जिना उतरून आला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. दोघांनी चहा घेतला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. पण मॅडम म्हणाल्या, पहिल्यासारखं नाही झालं."

"बरं झालं."

ब्लू लाइनला नेहमीची गर्दी होती. दाराशी दोघं टेकून उभे राहिले. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि तिथेच राहिली. मयूर विहार आलं. तो सवयीने उतरायला वळला.

स्वरूपा जागची हलली नाही.

"तुझं स्टेशन," तो म्हणाला.

"माहितीये."

दारं उघडली. माणसं उतरली, माणसं चढली. परीक्षित एक पाय बाहेर टाकू की नको अशा अवस्थेत उभा होता. तिने त्याची बाही धरून त्याला आत ओढलं. दारं मिटली, गाडी यमुनेच्या दिशेने निघाली.

"द्वारकेला?" त्याने हळूच विचारलं. "आईला काय सांगू?"

"सांग, जेवायला एक माणूस जास्त आहे," स्वरूपा म्हणाली. "आणि मिंधं म्हणजे काय ते त्यांना अजून कुणी सांगितलं नसेल. ते मी सांगते."